टायगरला घरी आणण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, शेल्टरमधल्या टायगर कुत्र्याचा फोटो पाठवून "आणू का त्याला?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर हो-नाही करून टाकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं उत्तर हो आहे, पण दोन अटी आहेत. परड्याची भिंत सगळीकडून सहा फूट झाली पाहिजे, आणि त्याला रोज पळवणारा तरुण माणूस आधी ठरला पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी त्याला आणू नका. मालकाने एकदा सोडलेलं कुत्रं नव्या घरातूनही परत गेलं, तर त्याचा माणसावरचा विश्वास आणखी उडतो. शिवाय 'दोनदा परत आलेलं' असं कळलं की पुढे त्याला न्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

फोटोत लांब निमुळतं तोंड दिसतंय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, उंच पाय. शेल्टरवाले 'मिक्स' म्हणत असले तरी यात मुधोळचं, म्हणजे आपल्याकडे कारवानी म्हणतात त्याचं, रक्त बरंच आहे. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं. 2005 साली टपाल खात्याने या जातीचं तिकीट काढलं, पुढे सैन्यानेही ही कुत्री प्रशिक्षणाला घेतली, आणि गावोगाव पिल्लांची मागणी वाढली. कौतुकाने पिल्लू घरात येतं, दीड वर्षात चोवीस किलोचं होतं, मग मालक फ्लॅटमध्ये राहायला जातो आणि ते शेल्टरच्या जाळीमागे येऊन पडतं. टायगरचं हेच झालंय. त्याच्यात खोट आहे म्हणून तो तिथे नाही, एवढं आधी मनात धरा.

ही शिकारी जात डोळ्यांनी शिकार करते. लांबवर काही हललं की मेंदूत कळ दाबल्यासारखी ती सुटते, आणि सुटली की हाक ऐकत नाही. म्हणून मोकळ्या शेतात तो कितीही लाडात आला तरी पट्टा सोडायचा नाही, पहिल्या वर्षात तर नाहीच. आपल्या येळ्ळूरच्या भाताच्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, काटेरी तारा आहेत. याची कातडी इतकी पातळ असते की तारेला नुसतं घासलं तरी टाके पडतात.

आता मुख्य गोष्ट. गल्लीतला प्रत्येक जण तुम्हाला सांगेल की अंगात रग आहे तर दमवा, मग शांत बसेल. हे अर्धंच खरं आहे. तास-तास चेंडू फेकून दमवलं की त्याचा दम आठवड्यागणिक वाढत जातो, डोकं मात्र तापलेलंच राहतं. मग दोन तासांनीही पुरत नाही. कारवानी मुळात थोडा वेळ झपाट्याने पळणारं आणि उरलेला दिवस झोपून काढणारं कुत्रं. त्याला दिवसातून एकदा खरी धाव हवी, दोनदा वास घेत रमतगमत फिरणं हवं, आणि स्वस्थ पडून राहायला शिकवणारं कुणीतरी हवं. शेवटचं काम कुणी करत नाही, म्हणून अशी कुत्री 'वांड' ठरतात.

धावेचं काम तुमचं नाही, बाबा. काकांचा थोरला पहाटे तालमीआधी पळायला जातोच. आठवड्यातले पाच दिवस त्याने टायगरला बरोबर न्यावं. सुरुवात एक किलोमीटरपासून करायची आणि महिनाभरात तीनवर न्यायची, कारण शेल्टरमध्ये उभं राहून राहून त्याच्या पायांचे तळवे मऊ झालेले असतील. मोकळं सोडून झपाट्याने पळवायचं असेल तर काकांच्या आमराईत, तिला चारी बाजूंनी जाळी आहे. तिथे पाच-दहा मिनिटं पुष्कळ होतात. त्याआधी तिथल्या विहिरीवर जाळी टाकून घ्या. लांब कासऱ्याला बांधून मात्र जोरात पळू देऊ नका. दोर संपला की हिसका मानेला किंवा खांद्याला बसतो. दहा मीटरचा सुती कासरा हिंडण्यापुरता ठेवा, तोही हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्याला बांधायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. नायलॉन नको, तळहात सोलतो.

तुमच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळचं फिरणं, अर्धा-पाऊण तास. वेग त्याच्या नाकावर सोडा. एका कुंपणाशी तो पाच मिनिटं हुंगत राहिला तर राहू द्या, त्याने डोकं दमतं. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही आणि कमरेलाही बांधायचा नाही. चोवीस किलोचं कुत्रं मांजरामागे झेपावलं तर माणूस तोंडावर पडतो, आणि तुमच्या वयात मांडीचं हाड मोडणं साधं नसतं. पट्ट्याचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटा, दुसरा हात खाली धरा, आणि मांजर किंवा कोंबडी दिसताच वळून उलट चालू लागा. हार्नेस छातीवर पुढे कडी असलेला घ्या, ओढलं की तो स्वतःच तुमच्याकडे वळतो. या जातीचं डोकं मानेच्या मानाने अरुंद असतं, साधा गळपट्टा मागे सरकला की निघून येतो. म्हणून मार्टिंगेल गळपट्टा घ्या, तो ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळतो. पहिले दोन महिने हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना पट्टा अडकवा. गळ्यात दोघांचे मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या मिनिटापासून हवा, कारण नवं कुत्रं पहिल्याच आठवड्यात पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त.

आई, निवांत बसायला शिकवणं तुझ्याकडे. तू संध्याकाळी शेंगा सोलायला बसतेस तेव्हा शेजारी जुनी सतरंजी घाल आणि त्याला पट्ट्याने तिथेच ठेव. बोलायचं नाही, हाक मारायची नाही. तो उभा राहील, कुरकुरेल, फेऱ्या मारेल. कधीतरी आपसूक पोट टेकेल. त्या क्षणी उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये हळूच ठेव. हातातून भरवू नकोस, भरवलंस की तो उठून बसेल. पुन्हा पडला, पुन्हा तुकडा. पहिले दिवस तीन-चार मिनिटंच, मग वाढवत वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत. एका कुशीवर कलंडला, हनुवटी जमिनीला टेकली, मोठा उसासा सोडला, की समज जमतंय. ती सतरंजी त्या वेळेपुरतीच अंथर आणि नंतर उचलून ठेव. थोड्या दिवसांनी सतरंजी घातली की तो आपण होऊन येऊन पडेल. दिवसातल्या सगळ्या व्यायामापेक्षा मला याची किंमत जास्त वाटते.

अंगावर उड्या मारेल. शेल्टरमध्ये उडी मारली की माणूस थांबतो, बोलतो, एवढंच तो शिकलाय. गुडघा मारणं, ओरडणं, वर्तमानपत्राची सुरळी, यातलं काहीही नको. पाठ फिरवा, हात छातीशी घ्या, चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाऊ द्या, तोही खाली जमिनीवर टाका. घरातल्या सगळ्यांनी एकसारखंच वागायचं. एकाने थोपटलं आणि दुसऱ्याने झिडकारलं तर सवय सुटत नाही, उलट घट्ट होते.

शनिवारी गेलात की तो जाळीमागे गरगर फिरताना, भुंकताना दिसेल. त्यावरून स्वभाव ठरवू नका. बाहेर काढायला सांगा, आवाजापासून दूर न्या, पंधरा-वीस मिनिटं बसा. तेवढ्या वेळात श्वास खाली येतो का, माणसाकडे वळून बघतो का, तेवढं पाहा. आई, तूही जा, त्याची-तुझी गाठ पडलीच पाहिजे. मालकाने सोडताना भरलेला फॉर्म वाचायला मागा. कुणाला चावलाय का, खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का, एकटा राहिला तर दारं ओरबाडतो का, घरात लघवीची शिस्त होती का, फटाक्यांना घाबरतो का, हे एकेक विचारा. 'फ्लॅटमध्ये गेलो' या वाक्यामागे पुष्कळदा यातलंच काहीतरी असतं. कानडी घरातला असेल तर 'बा' (ये), 'कुंद्रु' (बस) हे शब्द त्याला कळत असतील, तेच वापरा. लसीचं पुस्तक आणि नसबंदीचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका. नसबंदीने रग कमी होते असं मात्र धरून चालू नका.

भिंतीबद्दल. मागच्या बाजूची भिंत कमरेएवढी आहे, ती त्याच्यासाठी नसल्यातच जमा. वर लोखंडी अँगल लावून जाळी ताणून सहा फूट करा आणि बाहेरचं दिसू नये म्हणून आतून हिरवी शेडनेट लावा. दिसलं नाही की निम्मं भुंकणं थांबतं. भिंतीलगतचा लाकडाचा ढीग आणि पाण्याचं बॅरल हलवा, त्यावर चढून तो उडी घेईल. फाटकाखालची फट चार बोटांपेक्षा जास्त नको. शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या कोंबड्या परड्यात येतात, आणि कारवानी कोंबडी मारतो तेव्हा तो खोड्या करत नसतो, त्याच्या रक्तातच ते आहे. त्याला साखळीने बांधून ठेवणं हा मार्ग नाही. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हासुद्धा गुन्हा धरलाय.

पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, गल्लीला दाखवणं नको. मधली खोली, एक अंथरूण, पाण्याचं भांडं, एवढंच त्याचं जग असू दे. खाणं शेल्टरमध्ये चालू होतं तेच आठ-दहा दिवस ठेवा, मग हळूहळू बदला. ताणामुळे एक-दोन दिवस पातळ होईल. रक्त दिसलं, उलट्या लागल्या किंवा पाणीही नको म्हणाला तर मात्र थांबू नका. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच परड्यात न्या, म्हणजे घरात घाण होणार नाही. साधारण तीन आठवड्यांनी त्याला घराची वेळ कळू लागते, आणि तेव्हाच खरा स्वभावही बाहेर येतो. पहिल्या आठवड्यात गरीब वाटलेलं कुत्रं तिसऱ्यात दांडगाई करू लागलं तर घाबरू नका. पुरतं रुळायला तीन महिने धरा.

खायला त्याच्या वजनाला कोरडं खाद्य दिवसाला साधारण 350 ग्रॅम, दोन वेळा विभागून. शिकवताना दिलेला खाऊ त्यातूनच वजा करायचा. नुसती भाकरी-दूध चालणार नाही, मांस-अंडी हवीच. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं बंद. आई, दुधाचा गोड कुंदाही बंद, बोटभरसुद्धा नाही. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं या जातीत निरोगीपणाचं लक्षण आहे, त्या बुजवायला जाऊ नकोस. जेवल्यावर दीड-दोन तास पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो. पोट फुगलं आणि ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढा. सकाळची वाट पाहिली तर जीव जातो.

रेबीजची लस दरवर्षी. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाचीही दरवर्षी, कारण भातशेतीत उंदीर आहेत आणि पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून तो रोग त्याला आणि त्याच्याकडून तुम्हालाही होऊ शकतो. जंताचं औषध तीन महिन्यांनी. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली आणि शेपटीखाली गोचीड चाचपा. दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल नको, आणि गोठ्यातलं बैलांच्या गोचिडाचं औषध अंदाजाने लावायचं तर अजिबात नाही. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, अशी लक्षणं दिसली तर गोचीडतापाची रक्ततपासणी लगेच करायची. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला विषासारख्या आहेत. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना 'कारवानी रक्त आहे' असं आधी सांगा, अंगावर चरबी नसल्यामुळे औषधाचा हिशोब वेगळा करावा लागतो. आणि तुम्हा दोघांपैकी कुणाला दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक, गणपती, दिवाळी या दिवसांत त्याला दिवसाउजेडी फिरवून आणा आणि अंधार पडायच्या आत मधल्या खोलीत ठेवा. खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओ चालू. थंडीत या कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त वाजतं, मार्गशीर्ष-पौषात गोणपाट आणि जुनं कांबळं द्या.

अजून एक, स्पष्टच लिहिते. तो अडीच वर्षांचा आहे, अजून दहा वर्षं जगू शकतो. बाबा, तेव्हा तुमचं वय काय असेल ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच्याने होईनासं झालं, कुणाला दवाखान्यात राहावं लागलं, तर टायगर माझ्याकडे येईल. हे मी घरात बोलून ठरवलंय, तेव्हा त्या काळजीने मागे हटू नका. पण शेल्टरच्या कागदावर दुसरी जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आणि नंबर लिहून घ्या.

शनिवारी फक्त भेटून या, लगेच आणू नका. त्याआधी काकांच्या थोरल्याशी समोरासमोर बोला. मागच्या भिंतीची लांबी मोजून मला कळवा, म्हणजे जाळी आणि अँगल किती लागतील ते मी इथूनच काढून देते.

तुमची,
लेक