कारकीर्द १९५८ मध्ये संपली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर जुन्या फुटबॉलपटूंची ओळख करून देणारे जे छोटे सदर येते, त्यात हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटी यांच्याविषयीचा मजकूर वाचला. इंग्लंडविरुद्ध लंडनच्या वेम्बली मैदानावरची हॅट्ट्रिक, १९५४ च्या विश्वचषकातील उपविजेतेपद आणि ‘त्यांची कारकीर्द १९५८ मध्ये संपली’ हे वाक्य, एवढ्यात तो आटोपला आहे. खेळाडू म्हणून ते १९५८ मध्ये थांबले हे खरे. परंतु माझ्या मते त्यांच्या मोठेपणाचा निम्मा हिस्सा त्यानंतरचा आहे आणि नेमका तोच गळला आहे.

वेम्बलीचा सामना २५ नोव्हेंबर १९५३ रोजी झाला. सेंटर फॉरवर्डने, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूने, गोलच्या तोंडाशी उभे राहायचे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या बचावपटूने त्याला चिकटून राहायचे, अशी त्या काळची ठरलेली रीत होती. हिदेगकुटी अंगात सेंटर फॉरवर्डचा नऊ नंबरचा शर्ट घालून मैदानाच्या मध्याकडे मागे सरकून उभे राहिले. आता इंग्लंडचे मधले बचावपटू हॅरी जॉन्स्टन यांनी त्यांच्यामागे जावे, तर गोलसमोरची जागा हंगेरीच्याच पुश्काश आणि कोचिश या आघाडीच्या खेळाडूंना मोकळी मिळणार, आणि न जावे तर हिदेगकुटी मोकाट राहणार. पहिला गोल त्यांनी पहिल्याच मिनिटाला केला. सामना हंगेरीने ६-३ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल त्यांचे होते. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड आपल्या भूमीवर हरण्याची ती पहिलीच वेळ होती. ही युक्ती मुळात त्यांची नव्हे, हेही सांगायला हवे. ती एमटीके या बुडापेस्टच्या क्लबचे प्रशिक्षक मार्टोन बुकोवी यांची. राष्ट्रीय संघात ती जागा आधी पेटर पालोताश सांभाळत असत. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध हंगेरी दोन गोलांनी मागे असताना पालोताश यांच्या जागी हिदेगकुटी यांना उतरवले गेले आणि तो सामना हंगेरीने ४-२ असा जिंकला. त्या वेळी त्यांनी तिशी गाठली होती.

मी तालुक्याच्या एका शाळेत क्रीडा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर आता गावाबाहेरच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, पडीत जमिनीवर, दोन बल्ल्या रोवून केलेल्या गोलसमोर, संध्याकाळी पोरांना खेळवतो. सगळ्यांनाच त्या बल्ल्यांजवळ उभे राहायचे असते. नजर चांगली असलेल्या एका मुलाला मी मागे खेळायला लावले, तेव्हा त्याचे वडील दुसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, “गुरुजी, माह्या पोराले मांगं कायले उभं केलं?” मागे उभे राहणाऱ्याला सगळे मैदान समोर दिसते, हे त्यांना समजावताना मला हिदेगकुटींचेच उदाहरण द्यावे लागले. त्यांना ते कितपत पटले, देव जाणे.

मला वाटते, त्यांच्यातला प्रशिक्षक त्या मागच्या जागीच घडला. ते इटलीत फ्लोरेन्सच्या फिओरेंटिना क्लबकडे प्रशिक्षक म्हणून गेले आणि १९६१ मध्ये त्या संघाने ग्लासगोच्या रेंजर्सला अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांत हरवून कप विनर्स कप ही युरोपातील देशोदेशीच्या चषकविजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली. ती स्पर्धा त्याच वर्षी प्रथम खेळली गेली होती. मायदेशी परतल्यावर १९६३ मध्ये त्यांनी ग्योर या शहराच्या संघाला हंगेरीचे विजेतेपद मिळवून दिले. बुडापेस्टच्या क्लबांची मक्तेदारी असलेल्या लीगमध्ये बाहेरच्या गावाने असे अव्वल येणे ही साधी गोष्ट नव्हती, हे नागपूर-मुंबईच्या संघांपुढे तालुक्याची पोरे घेऊन जाणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही खरी कमाई कैरोची. १९७३ मध्ये ते इजिप्तच्या अल अहली क्लबकडे गेले, तेव्हा त्या नामांकित क्लबने १९६२ नंतर लीग जिंकलेली नव्हती. त्यातच ऑक्टोबरमध्ये इजिप्त-इस्रायल युद्ध भडकले आणि तो हंगाम पूर्णच झाला नाही. अशा वेळी परका प्रशिक्षक सामान बांधतो. हे गृहस्थ १९८० पर्यंत तिथेच राहिले आणि त्या काळात अल अहलीने पाच वेळा लीग जिंकली. महमूद अल खतीब हा तरुण खेळाडू त्यांच्याच हाताखाली बहरला. पुढे १९८३ मध्ये तो आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि उतारवयात त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. एका दुपारच्या तीन गोलांपेक्षा सात वर्षांचे हे काम मला तरी वजनदार वाटते; त्याची छायाचित्रे कमी आहेत, म्हणून ते सदरात बसत नसावे.

हिदेगकुटी यांचे २००२ मध्ये बुडापेस्टला निधन झाले आणि एमटीकेचे मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. आमच्या वाचनालयात आपल्या सदराची कात्रणे मुले वहीत चिकटवतात. म्हणून त्या एका वाक्याची दुरुस्ती याच सदरात, याच जागी छापावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा