वीस मीटर उन्हावर धावायचंय, हातभार लावा

गावकरी मंडळी, शाळेचे माजी विद्यार्थी आणि पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले आपले बंधू-भगिनी, सर्वांना शाळा व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, साक्री तालुक्यातल्या आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर सौर गाड्यांची शर्यत ठरली आहे. गाड्या वहीएवढ्या आणि बनवणार सहावी ते आठवीची मुलं. बारा गट, प्रत्येक गटात चौघं. बॅटरी लावायची नाही, हात लावायचा नाही, २० मीटर अंतर नुसत्या उन्हावर कापायचं. अमेरिकेत शाळकरी मुलांची ‘ज्युनियर सोलर स्प्रिंट’ नावाची शर्यत होते, तिथंही अंतर एवढंच असतं. नियम तिकडचे घेतलेत, ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

गेल्या वर्षी आम्ही तीनच गाड्या करून पाहिल्या. खरं सांगायचं तर फजितीच झाली. पहिल्या गाडीचं चाक मुलांनी थेट मोटरच्या दांडीला बसवलं. गाडी हातात धरली की चाक भिंगरीसारखं फिरायचं आणि जमिनीवर टेकवली की गप्प. दोन दिवस पोरांनी मोटरला शिव्या घातल्या. मग आठवीतल्या एका मुलीने बिघडलेल्या खेळण्यातली दातेरी चाकं काढून आणली. मोटरला दहा दात्यांचं, चाकाच्या आसाला पन्नास दात्यांचं. म्हणजे मोटरचे पाच फेरे तेव्हा चाकाचा एक. वेग गेला, पण जोर आला. गाडी हलली तसा मागून कुणीतरी ओरडला, “चालनी रे चालनी!” आणि ती सरळ कडुनिंबाच्या सावलीत जाऊन थांबली.

त्या सावलीनेही एक धडा दिला. छोट्या पॅनेलमध्ये बारा पट्ट्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवर नुसता अंगठा ठेवला तरी सगळ्या पॅनेलची वीज जवळपास बंद पडते, कारण सगळ्यांचा प्रवाह त्या एकीतूनच जायचा असतो. आता वर्गात कुणालाही विचारा, हे पाठ नाही, अंगठा ठेवून पाहिलेलं आहे.

तिसरी गाडी मात्र आमच्या चुकीने हुकली. पॅनेल घरबसल्या मागवली होती. वर ६ व्होल्ट, १ वॅट छापलेलं. म्हणजे भर उन्हात साधारण १६० मिलिअँपिअर यायला हवेत. शेजारच्या वायरमन काकांचं मीटर लावलं तर जेमतेम ९० दाखवलं. विकणाऱ्याने परत घेतली नाहीत. यंदा पॅनेल दुकानात जाऊन, उन्हात धरून, मोजूनच घ्यायची असं ठरलंय. त्यासाठी असं मीटर, म्हणजे मल्टिमीटर, शाळेचं स्वतःचं हवं.

एका हितचिंतकांनी बारा तयार किट पाठवतो म्हटलं होतं. त्यांचे मनापासून आभार मानले, पण नको म्हटलं. काहींना हे पटलं नाही, फुकटचं का सोडलंत म्हणून बैठकीत वादही झाला. पण किटमध्ये दाते किती, चाक केवढं, पॅनेल किती तिरकं, सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. अर्ध्या तासात गाडी जुळते आणि मुलं घरी जातात. आम्हाला दोन दिवस मोटरला शिव्या घालणारी मुलं हवी आहेत.

म्हणून एका गाडीला ६५० रुपये धरलेत, त्यातले २०० नासधुशीचे आहेत. जळलेली मोटर, चुकीचं दातेरी चाक, कथलाने जोडताना निघून आलेली पॅनेलची तार. हा खर्च लपवून मागावा असं आम्हाला वाटलं नाही.

बारा गाड्यांचे ७,८०० रुपये. तीन मल्टिमीटर १,०५०. दोन सोल्डरिंग मशीन, कथील आणि वायर मिळून १,४००. मैदान खडबडीत असल्याने २० मीटर लांब, सव्वा मीटर रुंद काँक्रीटची पट्टी करायची आहे, तिला आठ गोणी सिमेंट, ३,०४० रुपये. रेती आणि खडी गावातल्या एका शेतकरी दादांनी कबूल केली आहे, गवंडीकाम पालकच करणार आहेत. एकूण १३,२९० रुपये. शिक्षक आणि समिती सदस्यांनी मिळून ४,१०० जमवले. उरले ९,१९०.

खेळण्यातल्या गाडीसाठी एवढं कशाला, असं कुणी विचारलंच तर सांगतो. १९५५ साली जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी शिकागोच्या प्रदर्शनात सूर्यावर चालणारी गाडी दाखवली, ती अवघी १५ इंचांची होती, सेलेनियमच्या १२ सेलवर धावणारी. १९८७ साली त्याच कंपनीची सनरेसर ही गाडी माणूस बसवून ऑस्ट्रेलियात डार्विनहून अ‍ॅडलेडला गेली, सुमारे ३,००० किलोमीटर, आणि पहिली आली. आणि लांब कशाला जायचं, आपल्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. सातवीतल्या एकाने हिशेब मांडला: आपल्या १ वॅटच्या पॅनेलसारखी साडेबारा कोटी पॅनेल. शून्यं मोजताना दोनदा चुकला, फळ्यावर अजून ते गणित तसंच आहे.

रोख मदत शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि पावती मागून घ्यावी. चेक शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने काढावा. बाहेरगावच्या मंडळींनी घरच्यांच्या हाती पाठवलं तरी चालेल. दहा रुपयांचीही पावती मिळेल. शर्यतीनंतर आठ दिवसांत सगळा हिशेब शाळेच्या सूचना फलकावर लागेल. पट्टीचं काँक्रीट मुरायला वेळ लागतो, त्यामुळे सिमेंटचे पैसे जानेवारीअखेर हाती आले तर बरं होईल.

पैसे जमणार नसतील तर घरातली अडगळ द्या. सायकलचे जुने स्पोक चाकाच्या आसाला लागतात, संपलेल्या रिफिलच्या नळीत ते छान फिरतात. जुन्या सीडींची चाकं होतात. गाडी भरकटू नये म्हणून खालून गळाची नायलॉन दोरी ताणायची असते, तीही हवी. बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, प्रिंटर, रिमोटची गाडी, यांत कामाच्या मोटरी निघतात. फक्त घरी खोलत बसू नका. पेचकस आमच्याकडे आहेत आणि खोलायला मुलं रांग लावून उभी आहेत. वस्तू अख्खीच आणून द्या.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती