खोडलेले ४९ अंश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातू पाचवीत आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी चालली आहे. परवा सराव प्रश्नपत्रिकेत एक कोन काढलेला होता आणि खाली 'माप लिहा' असं होतं. त्याने कोनमापक ठेवला, ४९ लिहिले, मग मागच्या पानावरची उत्तरसूची पाहिली आणि खोडरबराने घासून तिथे ६० केले.

"काहून खोडलं रे?"

"आबाजी, उत्तरात साठ हाय. माह्यं चुकलं असन."

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. चष्मा लावून तो कोन तीनदा मोजला, तिन्ही वेळा ४९ च भरले. पोराचं काहीच चुकलं नव्हतं. गोम कागदात होती. हे पेपर मोबाइलवर फिरत येतात. कोणीतरी त्यातली आकृती उचलून आपल्या पानात चिकटवतो आणि जागा भरावी म्हणून आडवी ताणतो. आकृती सगळीकडून सारखी लहान-मोठी केली, झेरॉक्स अर्धी काढली, तरी कोन बदलत नाही. एकाच बाजूने ताणली की बदलतो. एक भुजा आडवी असेल आणि रुंदी दीडपट केली तर ६० चा कोन ४९ वर येतो आणि १२० चा १३१ वर जातो. आडव्या-उभ्या भुजांचा काटकोन मात्र ९० च राहतो, म्हणून वरवर चाळणाऱ्याला शंकाही येत नाही. शिक्षकांना हा कागद दाखवला तर उत्तर मिळालं, "सर, सूचीत साठच आहे." त्यांच्या हाताशीच कोनमापक पडलेला होता.

आता मुलं खरंच चुकतात ती कुठे, तेही लिहितो. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून शून्याने सुरू होणारी, दुसरी उजवीकडून. सुईच्या टोकासारखा कोन असतो आणि पोरगं बेधडक १४५ लिहून मोकळं होतं. आपण सांगतो, "आतली ओळ वाच" किंवा "बाहेरची वाच". हे सांगणंच चूक आहे. कोनाचं तोंड दुसरीकडे फिरलं की ओळही बदलते. जी भुजा शून्यावर झोपली आहे, त्या शून्यापासून मोजत जायचं, एवढंच सांगावं. आणि कोनमापक हातात घेण्याआधी विचारावं, हा काटकोनापेक्षा लहान की मोठा? मी पोरांना वहीचा कागद दोनदा घडी घालून खिशात ठेवायला लावत असे. दुसरी घडी पहिल्या घडीवर बरोबर बसवली की कोपरा ९० अंशांचा होतो. तो कोपरा कोनावर ठेवला की १४५ लिहिणाऱ्याचा हात आपोआप थांबतो.

दुसरी चूक प्लॅस्टिकच्या कडेची. शून्याची रेषा कडेपासून थोडी वर असते, मुलं मात्र कडच भुजेवर टेकवतात. तिसरी गमतीची. दोन सारखेच कोन, पण एकाच्या भुजा लांब काढल्या, तर वर्गातून आवाज येणारच, "सर, हा मोठा हाय, याचे पाय लांब हायत ना!" आणि भुजा आखूड असून आकड्यांपर्यंत पोचत नसेल तर ती पट्टीने वाढवायची असते, हे कित्येकांना कोणी सांगितलेलंच नसतं. स्वस्तातल्या कंपासपेटीतले आकडे दिवाळीपर्यंत पुसले जातात, तो वेगळाच वैताग.

खेड्यातल्या पोराला कोन नवा नाही. गवंडी पाया आखताना दोरीने तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण ताणून काटकोन घेतो. कपाशी लावायला शेतात उभ्या-आडव्या रेघांची फुली पाडताना आडवे काकर (रेघा) तिरपे गेले की पुढे डवरा (बैलांचं कोळपं) चालवणारा शिव्या घालतो. हे पाहिलेलं पोरगं वर्गात कोन म्हटलं की गप्प का बसतं, याचा विचार आपणच करायचा आहे.

एक प्रयोग जरूर करून पाहावा. कोनमापकाच्या मधल्या छिद्रातून दोरा ओवून खाली नट बांधायचा. रात्री लाइट गेली की (आमच्याकडे वाट पाहावी लागत नाही) कोनमापक उलटा धरून सरळ कडेवरून ध्रुवतारा पाहायचा. दोरा कोणत्या आकड्यावर लोंबतो ते दुसऱ्याने वाचायचं (दोन ओळींतला लहान आकडा घ्यायचा) आणि तो आकडा ९० मधून वजा करायचा. यवतमाळ जिल्ह्यात उत्तर २० च्या आसपास येतं, म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. भूगोलाच्या नकाशातली ती आडवी रेषा पोरांनी अंगणातून मोजलेली असते. कोणाचे १९ येतात, कोणाचे २२. येऊ द्यावेत. हाताच्या मोजणीत एक-दोन अंशांचा फरक पडतोच. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १७९ आली म्हणून लाल फुली मारणाऱ्यांनी स्वतः एकदा मोजून पाहावं.

तेव्हा सराव पेपर तयार करणाऱ्यांना आणि वाटणाऱ्यांना एकच विनंती आहे. छापून झाल्यावर प्रत्येक आकृतीवर एकदा कोनमापक ठेवा आणि मगच उत्तरसूची लिहा. नातवाच्या वहीत मी पुन्हा ४९ लिहायला लावलं आहे. त्याचा गुण कापला गेला तो गेलाच.

आपला वाचक,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ