उतरणीवरचा ठोकळा पुरे

महोदय,

जीवशास्त्राच्या प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र अजूनही उतरणीवरच्या ठोकळ्यानेच सुरू होते. त्याऐवजी केशनलिकेतून, म्हणजे अगदी बारीक नळीतून, पाणी वाहू द्यावे आणि त्यावरून त्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) काढावी. प्वाझॉयच्या नियमानुसार प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या २० टक्के कमी केली, तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. धमनी अरुंद होण्याची भीती का, ते इथे कळते. (रक्त पाण्याइतके सरळ वागत नाही, हेही सांगावेच.)

प्रयोग फसतो तो त्रिज्येत. तिथली ५ टक्के चूक श्यानतेत २० टक्के होते. म्हणून चलसूक्ष्मदर्शीने (मोजपट्टीवर सरकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) व्यास दोन्ही टोकांना, काटकोनातल्या दोन दिशांत मोजावा. पाण्याचे तापमानही लिहावे. २० अंशांवरून ३० वर गेल्यास श्यानता सुमारे एक पंचमांशाने घटते.

– भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक