उशिराच्या परताव्याची भरपाई पासबुकात दिसू द्या

यूपीआय व्यवहार फसला आणि पैसे आठवड्याने परत आले, की ग्राहक सुटकेचा निःश्वास टाकतो. भरपाईचे कुणी बोलतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झालेली पण समोरच्या व्यक्तीला न मिळालेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला केलेले पेमेंट किंवा एटीएममधून न निघालेली रोकड यांना व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत आहे. त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाई, आणि तेही ग्राहकाने तक्रार न करता! (चुकीच्या यूपीआय आयडीवर आपणच पाठवलेले पैसे यात येत नाहीत.)

नियम चांगला आहे, पण तो पाळला की नाही हे ग्राहकाला कळणार कसे? परताव्याखाली भरपाईची वेगळी नोंद करणे बँकांना सक्तीचे करावे. तोवर ॲपमधला बारा अंकी यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक व व्यवहाराची तारीख देऊन बँकेकडे लेखी तक्रार करावी, भरपाईची रक्कम स्वतः मोजून लिहावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याला शुल्क नाही.