रात्री अकरानंतर आरोग्य केंद्रात कोण असतं, आमदारसाहेब?

मा. आमदार महोदय,
स. न. वि. वि.

2024 च्या नोव्हेंबरात तुमची प्रचारसभा आमच्या बाजारपटांगणात झाली, तेव्हा मी बायकांच्या मागच्या रांगेत होते. रस्ते, पाणी, वीज संपल्यावर आरोग्याची पाळी आली आणि तुम्ही म्हणालात, ‘तालुक्याला 100 खाटांचं रुग्णालय आणतो.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? पण आरोग्यसेविका म्हणून 31 वर्षं काढलेली बाई मी. घरी जाताना मनात येत होतं, त्या 100 खाटांपाशी उभं कोण राहणार?

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची एक रात्र सांगते. भातलावणीचे दिवस होते. साडेदहाच्या सुमाराला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून एका बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. पायाला घोणस चावली होती. डॉक्टरांच्या दोन पदांपैकी एक वर्षभर रिकामं, दुसरे डॉक्टर शहरातल्या घरी गेलेले. मी काचेच्या कोरड्या नळीत तिचं थोडं रक्त घेतलं आणि टेबलावर न हलवता ठेवलं. 20 मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त गोठायला हवं होतं, ते पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे विष भिनलेलं.

सापाची लस कपाटात होती, मुदतीतली. पांढरी भुकटी असते ती. पाणी घालून बाटली हलक्या हाताने फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. हे मला पाठ होतं. पण लसीची रिअॅक्शन आली तर रोग्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर समोर हवाच. फोन लावला. ‘मी नसताना सुरू करू नका, रेफर करा.’ 108 दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, ती यायला पाऊण तास लागला. बाई वाचली. मात्र मूत्रपिंडावर परिणाम झाला, जिल्ह्याच्या गावी कित्येक आठवडे डायलिसिस. उपचार फुकट झाले, पण जाणं-येणं, राहणं आणि बुडालेली मजुरी यात घरची म्हैस गेली.

त्या डॉक्टरांना मी मोकळं सोडत नाही. पण वर्षभर ते एकटेच दिवसरात्र ओढत होते, आणि त्यांच्या क्वार्टरच्या स्लॅबखाली पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागायच्या, हेही मी पाहिलंय.

आता तुमच्याकडे येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या सूचीत आहेत, तेव्हा याचं उत्तर दिल्लीकडे मागता येत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून जास्त हिस्सा आरोग्याला द्यावा असं लिहिलंय. आपण त्यात बरेच मागे आहोत. सपाटीवर 30,000 आणि डोंगराळ भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आहे. केंद्रं कागदावर मोजायची आणि डॉक्टर मोजायचेच नाहीत, ही आपली जुनी खोड.

त्यात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, मेडिकल कॉलेज आणखी तिसऱ्यांचं. तक्रार घेऊन गेलेला माणूस या दारातून त्या दारात फिरतो. बऱ्याच जिल्हा परिषदांवर 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासकच होते, म्हणजे भांडायला सदस्यसुद्धा नव्हता.

जनआरोग्य योजनेचं 5 लाखांचं कार्ड तुम्ही सभेत उंच धरून दाखवलंत. चांगली योजना आहे. पण ती यादीतल्या रुग्णालयात पोचून भरती झालेल्यासाठी. चावल्यापासूनच्या पहिल्या तासात ते कार्ड पदरात असून काय करायचं?

आमदार निधीतून तुम्ही इमारत द्याल, रुग्णवाहिकाही द्याल, तिच्यावर नावही घालाल (घाला, हरकत नाही). पगार मात्र त्या निधीतून निघत नाहीत. म्हणून माझं मागणं निधीचं नाहीच. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) टाका: मतदारसंघातल्या प्रत्येक केंद्रात डॉक्टरांची किती पदं मंजूर, किती भरलेली, आणि गेल्या वर्षात किती रात्री डॉक्टर मुक्कामाला होते? केंद्रवार उत्तर मागा. बेरीज करून दिलेलं उत्तर घेऊ नका, बेरजेत आमचं केंद्र हरवतं. क्वार्टर दुरुस्तीचं विचारायला विसरू नका. गळक्या घरात बायकापोरं घेऊन कोणी राहत नाही.

आणि जमलं तर एकदा स्वतः या. दिवसा नको, दिवसा रांगोळी असते, चादरी धुतलेल्या असतात. अकरानंतर या, ताफा मागे ठेवून. फाटक बंद असलं तर डाव्या हाताला सेविकेची खोली आहे, तिची कडी वाजवा. ती उठेल. तिच्यानंतर कोणाला उठवायचं, ते तिलाच विचारा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका