आधी धूर कशाला म्हणायचं ते ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लोकांनी तर्काने विचार करावा असा लेख होता. चांगला होता पण अर्ध्यावरच सोडल्यासारखा वाटला. नियम पक्का आणि समोरची गोष्ट खरी असली की निष्कर्ष बरोबर येतो, कबूल, पण नियमातले शब्द कोण तपासणार?

आमचं शेत तापीकाठी. मागे थंडीत पहाटे सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) बोंबलत आला, "उठा रे भो, गंजीले आग लागनी!" आम्ही चौघं बादल्या घेऊन पळालो, जाऊन बघतो तर कडबा थंडगार ओला आणि वर नदीवरचं धुकं रेंगाळतंय. सगळे त्याला हसले. पण त्याचा तर्क कुठे चुकला? जिथे धूर तिथे अग्नी, हे तर न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, ठरलेलं उदाहरण. गडबड होती ती 'धूर' या संकल्पनेत, लांबून पांढरं काहीतरी हललं की झाला धूर, वास बीस काही नाही.

न्यायवाल्यांना ही गोम माहीत होती. गाय म्हणजे शिंगवाली म्हटलं तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. कपिला रंगाची म्हटलं तर पांढरी बाहेर, ती अव्याप्ती. एका खुराची म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. म्हणून त्यांनी गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी ही गायीची खूण धरली. आता माझ्या गोठ्यातल्या एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीची गाय) पोळी नसल्यातच जमा, मग ती काय गाय नाही? व्याख्या सैल करावीच लागते, पण म्हैस परत आत शिरणार नाही इतपतच, आणि हे 'इतपत' ठरवायला पण अक्कलच लागते ना, ते कुठल्या सूत्रातून निघत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्येच लिहून ठेवलंय की संकल्पनेशिवाय नुसतं दिसणं आंधळं.

हे पुस्तकी वाटत असेल तर पंचनामा घ्या. पूर्वी ५० टक्के पीक गेलं तरच मदत मिळायची, २०१५ पासून ३३ टक्क्यांवर आलं. म्हणजे ४० टक्केवाला आधी 'बाधित' नव्हता, मग झाला, शेतात एक पान इकडचं तिकडे न होता! तलाठ्याचा हिशोब दोन्ही वेळा बरोबरच. वाद घालायचा तर तो रेघ कुठे मारली आणि का यावर घालायला पाहिजे, तिथेच आपण गप्प बसतो.

प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञानाची संस्था काढली, त्यामुळे खान्देशी वाचकाला हे झेपणार नाही असं समजू नका, लेखाचा पुढचा भाग छापा. आणि लेखकसाहेब थंडीत इकडे आले तर सालदाराची गाठ घालून देतो, धुक्याच्याच दिवशी.

आपला,
रावेर तालुक्यातला एक शेतकरी वाचक